थोरल्या बाई, धाकट्या बाई आणि एक मोबाईल

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे बोलावलं तेव्हा विषय दिला होता, 'कामाच्या जागी तरुण आणि वयस्क बायकांचा गट कसा बांधावा'. मी फोनवर म्हटलं, अगं बाई, मला ते बरीच वर्षं जमलंच नव्हतं, मी काय सांगणार? पलीकडून उत्तर आलं, मग न जमल्याचंच सांगा. म्हणून आले आहे.

मी अंगणवाडीची मुख्यसेविका होते, म्हणजे पर्यवेक्षिका. १९९३ साली लागले, २०२५ मध्ये निवृत्त झाले. शेवटची दहा वर्षं मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या एका तालुक्यात माझं बीट होतं. चोवीस अंगणवाड्या, म्हणजे सेविका आणि मदतनीस धरून पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस बाया. तुमच्यापैकी काहीजणी अंगणवाडी संघटनेच्या मोर्चात माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या असतील. तेव्हा मी पलीकडे होते, हे आधीच सांगून टाकते.

एकात्मिक बाल विकास योजना १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीत दोनच बाया असतात. एक सेविका, एक मदतनीस. कितीतरी वर्षं ह्या दोघींचं ठरून गेलेलं होतं. सेविका दहावी झालेली, तिच्याकडे रजिस्टर, तिला गावात 'बाई' म्हणायचं. मदतनीस सातवी, कधी त्याहून कमी. तिनं झाडायचं, पाणी भरायचं, पोरं घरून उचलून आणायची, खिचडी शिजवायची. ती विधवा किंवा टाकलेली असायची, आणि तिला नुसतं नावानं हाक मारायची. वयानं मोठी असली तरीसुद्धा.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे रजिस्टराच्या जागी मोबाईल आला. मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आला आणि हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं त्यात भरायचं झालं. दिलेले फोन जुने, अडकणारे, आणि ट्रॅकरची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन शासनाला परत केले, ते तुम्हाला आठवत असेल. दुसरी गोष्ट २०२३ ची. नव्या भरतीसाठी सेविकेला आणि मदतनिसालाही बारावी पासची अट आली. त्यामुळे आमच्याकडे असं चित्र झालं, की सेविका अठ्ठावन्न वर्षांची, जुन्या काळची सातवी-दहावी, आणि तिच्या हाताखालची मदतनीस चोवीस वर्षांची, बारावी, एखादी तर बी.ए. करत असलेली. झाडू जिच्या हातात, तिलाच मोबाईल येतो. आणि जिच्या नावावर मोबाईल आहे, तिला त्यातलं अर्धं कळत नाही.

आता ह्याच्यावर कुणीही पटकन सांगेल, की थोरलीकडे अनुभव आहे, धाकटीकडे तंत्र आहे, दोघींची सांगड घाला. प्रशिक्षणात आम्हालाही हेच सांगायचे. मी ही सांगड घातली आणि तिचं काय झालं ते ऐका.

माझ्या बीटमध्ये पाच-सहा थोरल्या सेविका होत्या, ज्यांचं ट्रॅकर कायम मागे पडायचं. प्रकल्प कार्यालयातून रोज संध्याकाळी यादी यायची, कुठल्या बीटचं किती टक्के भरलं. माझं बीट खाली दिसलं की मला बोलणी. एका गावात नवीन लागलेली मदतनीस होती, मोबाईलमध्ये फार हुशार. मी तिला म्हटलं, पोरी, ह्या सहाजणींचं तू भरून टाकत जा. तिनं नाही म्हटलं नाही. चार महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी मुख्यसेविकेला नाही कशी म्हणणार? सहाजणींचे पिन नंबर तिच्या वहीत आले. थोरल्या बाया संध्याकाळी तिला फोन करून आकडे सांगायच्या, आणि ती रात्री नऊ ते अकरा बसून भरायची. माझं बीट वर आलं. मासिक बैठकीत माझं कौतुक झालं. मी त्याला 'गटानं काम करणं' असं नावही दिलं होतं, माझ्या अहवालात ते अजून सापडेल.

त्या मुलीला तेव्हा मानधन किती होतं? २०२३ च्या अर्थसंकल्पानं मदतनिसाचं मानधन ५,५०० रुपये केलं, सेविकेचं १०,०००. म्हणजे दहा हजारवाल्या सहाजणींचं काम साडेपाच हजारवाली फुकट करत होती, आणि तिचं स्वतःचं झाडणं-शिजवणं चालूच होतं. मी ते बघत होते. मला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

पावसाळ्यात ती मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली. सहा केंद्रांचं ट्रॅकर एका दिवसात बंद पडलं. आठवड्यानं वरून पत्र आलं, की खुलासा घ्या, नाहीतर मानधन कापा. सहा नोटिसा माझ्या सहीनं गेल्या. त्यातल्या एका सेविकेची तेहतीस वर्षं नोकरी झाली होती. गावातली तीन पिढ्यांची पोरं तिच्या हाताखालून गेली होती. ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणाला होता तू आकडे फक्त सांग. मी सांगत होते." एवढं बोलून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

तिकडे त्या मुलीलाही फोन गेले. पाच दिवसांचं बाळ शेजारी, आणि ही अंथरुणावरून सहा केंद्रांचे आकडे भरते आहे. तिच्या आईनं फोन घेऊन मला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

मी नंतर पुष्कळ विचार केला, की बिघडलं कुठे. माझ्या लक्षात आलं ते असं. अनुभव आणि तंत्र अशी वाटणी तोंडानं आपण सारखी करतो, पण हिशेबात दोन्ही सारखी धरली जात नाहीत. मोबाईलमध्ये जे भरलं जातं ते काम. सेविका सुनेच्या बाळंतपणानंतर सासूशी दोन तास बोलून तिला पहिलं चिकाचं दूध बाळाला पाजायला लावते, ते कुठे भरायला रकानाच नाही, म्हणून ते काम नाही. मग थोरलीला वाटतं आपण अडाणी, निरुपयोगी. आणि धाकटीला वाटतं हिच्यापाशी शिकण्यासारखं काही नाही, उलट हिचं ओझं मी वाहते आहे. अशा दोघींना शेजारी बसवून त्यांचा गट होत नाही.

आणि आणखी एक. थोरली म्हणजे मोबाईल न येणारी, हे मी गृहीतच धरलं होतं. माझ्याच बीटमध्ये एकसष्ट वर्षांच्या एक सेविका होत्या, त्यांचा मुलगा पुण्याला, नातवाला रोज व्हिडिओवर बघायच्या. बीटमध्ये सगळ्यात सफाईनं फोन त्याच चालवायच्या. त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं. पांढरे केस बघून मी त्यांना 'न येणाऱ्यां'च्या यादीत टाकून दिलं होतं. दुसरीकडे दोन तरुण मदतनिसा अशा होत्या, ज्यांच्या घरात फोन नवऱ्याकडे. त्यांनी स्वतःचा फोन कधी हातात धरला नव्हता.

मग आम्ही काय केलं? फार काही नाही, पण जे केलं ते टिकलं.

नोटिसांचा गोंधळ मिटल्यावरच्या पहिल्या बीट बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, की ती व्यवस्था मी लावली होती, चूक माझी आहे, आणि तसा खुलासा मी वर लिहून दिला आहे. मला त्याबद्दल कार्यालयातून ऐकून घ्यावं लागलं. पण त्याशिवाय पुढचं बोलणंच झालं नसतं. मग पिनची वही फाडली. ठरलं असं, की ट्रॅकर भरायला शिकायचं ते बैठकीच्याच वेळात, संध्याकाळी नाही, घरी नाही. पूर्वी बैठकीत मी तीन तास परिपत्रकं वाचायची. ती एका तासात आवरली आणि दोन तास ह्याला दिले. नियम एकच, बोट जिचं तिचं. शिकवणारीनं हात मागे बांधायचे. धाकट्यांना हे फार जड गेलं! समोरची चुकीच्या जागी दाबते आहे हे दिसत असताना गप्प बसायचं. एकीनं ओढणीनं खरोखरच हात बांधून घेतले होते, आम्ही हसून हसून दमलो. पहिले दोन महिने आमचं बीट पुन्हा खाली गेलं. मी ते जाऊ दिलं.

ह्याच्या उलट अंगाचंही करायचं होतं. नवी मुलगी लागली की तिनं पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा थोरलीबरोबर गृहभेटीला जायचं, स्वतःच्या नाही तर शेजारच्या गावातल्या सेविकेबरोबर. शेजारच्या गावातली का, तर तिथे ती कुणाची हाताखालची नसते. स्वतःच्या केंद्रावर मदतनीस सेविकेला प्रश्न विचारायला धजत नाही, आणि सेविकाही तिच्यापुढे 'मला हे येत नाही' म्हणत नाही. सहा-सात किलोमीटर पलीकडच्या बाईपुढे दोघींची जीभ मोकळी होते. जाण्यायेण्याच्या भाड्याचा प्रश्न आला. ते मंजूर होईना, शेवटी बैठकीच्या दिवशीच्याच प्रवासाला जोडून दिवस ठरवले.

ह्यातून काय निघालं त्याची दोनच उदाहरणं देते.

एका वाडीवर दीड वर्षाचं मूल. मोबाईलमध्ये त्याचं वजन गेल्या महिन्यापेक्षा वाढलेलं. नवी मुलगी खूश. थोरल्या बाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि पायाच्या पंज्यावर अंगठा दाबून धरला, थोडा वेळ. काढला तर खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पायावरही तसंच. ती सूज होती, त्या सुजेचं वजन आकड्यात दिसत होतं. दोन्ही पायांवर अशी सूज असली तर वजन काहीही असो, मूल तीव्र कुपोषित धरायचं आणि दवाखान्यात न्यायचं. त्या मुलीनं हे प्रशिक्षणाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. पण अंगठा किती जोरानं आणि किती वेळ दाबायचा हे तिला त्या दिवशी कळलं. मूल वेळेत पोषण पुनर्वसन केंद्रात गेलं आणि परत आलं.

दुसरं उदाहरण थोरल्यांना आवडत नाही, पण ते सांगितलंच पाहिजे. एका जुन्या सेविकेच्या केंद्रात वर्षानुवर्षं एकही मूल तीव्र कुपोषित नसायचं. आम्ही तिचं कौतुक करायचो. तिच्याकडे शेजारच्या गावची नवी मुलगी गेली, आणि तिनं पाहिलं की बाई लहान मुलांची उंची भिंतीला उभं करून, अंदाजानं लिहितात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं निजवून, फळीवर, दोघींनी धरून मोजायची असते. फळी कपाटामागे कोरी पडलेली. तिनं ती काढली, पुसली, आणि म्हणाली, "आत्या, आपण मोजून बघू या का?" दंडाचा घेरही टेपनं घेतला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीन मुलं निघाली. तीन! ती मुलं रोज खिचडी खाऊन जात होती आणि आम्हा कुणाला ती दिसलेली नव्हती. सेविका दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, वीस वर्षं ती फळी धरायला दुसरं माणूस नव्हतं. मदतनीस चुलीपाशी असायची, आणि तिला हे काम नाही असं आम्हीच शिकवलं होतं.

हे दोन्ही प्रसंग घडू शकले, कारण एकीनं दुसरीची चूक काढली तरी तिची नोटीस निघणार नाही, एवढी खात्री तोवर झाली होती. नाहीतर थोरली मुलीला वजनकाट्याजवळ येऊच देत नाही.

आता जे फारसं बोललं जात नाही त्याबद्दल. आपण थोरली-धाकटी म्हणतो तेव्हा ते नुसतं वय नसतं. माझ्या बीटमध्ये बहुतेक जुन्या सेविका गावातल्या वजनदार घरांतल्या होत्या. नव्या मुलींमध्ये दलित, वंजारी, लमाण तांड्यावरच्या मुली आल्या, शिकलेल्या. एका केंद्रावर दोघींचं पटत नाही अशी तक्रार आली. सगळे म्हणाले, पिढीतलं अंतर आहे, चालायचंच. मी जाऊन बसले तर कळलं, की मुलगी बौद्ध आहे आणि सेविका तिला खिचडीच्या पातेल्याला हात लावू देत नाही. पोरं आणायची, भांडी घासायची, पण शिजवायचं बाईंनी स्वतः. वर म्हणायचं, 'तिला स्वयंपाक जमत नाही.' ह्याला वयाचा प्रश्न म्हणायचं? तिथे समजावणीचं काम नव्हतं. मी लेखी आदेश दिला आणि महिनाभर आठवड्यातून दोनदा अचानक जाऊन त्या मुलीच्या हातची खिचडी पोरांबरोबर बसून खाल्ली. तीन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं, त्यातली दोन घरं परत आली. सेविकेचं मन बदललं असं मी म्हणत नाही. पातेलं त्या मुलीच्या हातात राहिलं.

हाक मारण्याचंही तसंच. मदतनिसाला 'ए' आणि नाव. ही सवय आम्ही बैठकीत मोडायचं ठरवलं. कुणी म्हणालं सगळ्यांना 'मॅडम' म्हणू, ते चार दिवसांत पडलं. मग वयानं मोठी ती ताई किंवा आत्या, मग ती मदतनीस असो की सेविका; आणि लहान असेल तर नावापुढे 'ताई' लावून. मलाही 'मॅडम' बंद. एवढ्यानं काही क्रांती होत नाही, मला ठाऊक आहे. पण पंचावन्न वर्षांच्या मदतनीस बाईला बैठकीत पहिल्यांदा कुणी 'ताई, तुम्हाला काय वाटतं' म्हणून विचारलं, तेव्हा त्या मागे वळून बघायला लागल्या, की कुणाला विचारताहेत.

४ डिसेंबर २०२३ ला राज्यभर संप सुरू झाला. पन्नास दिवसांवर चालला. मी शासनाची नोकर, संपाच्या नोटिसा वाटणं माझ्याकडे. नव्या मुली घाबरल्या होत्या, त्यांना लागून वर्षही झालं नव्हतं आणि काढून टाकण्याची भाषा चालू होती. थोरल्यांनी २०१७ चा संप पाहिला होता, त्याच्या आधीचेही. मला नंतर कळलं, की बीटमधल्या त्याच जोड्यांनी, ज्या आम्ही गृहभेटींसाठी लावल्या होत्या, गावोगाव जाऊन मुलींच्या सासरी बोलणं केलं होतं. नोटीस आली म्हणजे लगेच नोकरी जात नाही, आम्ही अशा किती पाहिल्या, हे सासऱ्याला सांगायला थोरलीच लागते. आणि मुंबईच्या मोर्चाची गाडी, कुणाला कुठे घ्यायचं, कुणाचं लेकरू अंगावर आहे, ते सगळं धाकट्यांनी फोनवर लावलं. म्हणजे माझा 'गट' कामाला आला तो माझ्याच विरुद्ध! मला त्याचा थोडा राग आला होता आणि बराच आनंद झाला होता.

हे सगळं झालं म्हणून अडचण संपली असं नाही. २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर पडताळायचं सक्तीचं झालं. त्यासाठी आधार जोडायचं, आणि ओटीपी येतो तो नवऱ्याच्या फोनवर. नवरा दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेलेला. धाकटीला ओटीपीचं सगळं येतं, पण तो कुठल्या टोळीत, कुठल्या मुकादमाकडे, रानात फोन लागत नाही तर कुणाच्या फोनवर निरोप ठेवायचा, हे थोरलीला माहीत. तरीसुद्धा कित्येक बायांचं अडतं आणि त्या रिकाम्या हातानं परत जातात. दोघींनी कितीही चांगलं जमवून घेतलं तरी असली अडचण त्यांच्या पातळीवर सुटत नाही. ती वर भांडूनच सोडवावी लागेल, आणि ते तुम्ही करता आहात.

जाता जाता तुमच्या घरातलं विचारते, रागावू नका. मी तुमच्या काही संस्थांत आले आहे. तिथे वस्तीत तीस वर्षं फिरलेली कार्यकर्ती असते, तिला पाचवीच्या पुढे शाळा मिळाली नाही. आणि समाजकार्याची पदवी घेऊन आलेली मुलगी असते, ती तिच्याकडून ऐकून अहवाल लिहिते. देणगीदाराकडे कोण जातं? कुणाला किती मानधन आहे? पिनची वही तुमच्याकडेही कुठल्यातरी टेबलाच्या खणात असेल.

ज्या सेविकेला मी नोटीस दिली होती, त्या पासष्ट पुऱ्या होऊन निवृत्त झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडीच्या बायांना उपदान कायदा लागू आहे असं म्हटलं, त्यांचा अर्ज त्याच मुलीनं भरून दिला, ह्या खेपेला बाईंना शेजारी बसवून, त्यांच्याच बोटानं. पैसे अजून हातात पडलेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे. जायच्या आधीच्या तीन महिन्यांत बाई रोज तासभर सांगत गेल्या आणि मुलीनं वहीत लिहून घेतलं: कुठल्या घरात सुनेला आधी विचारायचं आणि कुठल्या घरात सासूला, कुणाच्या दोन पोरी आधी गेल्या आहेत, कुणाकडे गेल्यावर चहा घेतलाच पाहिजे, कुठल्या टोळीबरोबर कोणती मुलं जातात आणि साधारण कधी परततात. एकशे बावीस घरं आहेत. ती वही मी त्यांना विचारून आज सोबत आणली आहे. घरांची नावं झाकलेली आहेत. चहाच्या सुट्टीत ज्यांना बघायची असेल त्यांनी या.